पेठ हलवण्याआधी पेठेत येऊन बसा : नगरपालिकेला किराणा दुकानातून खुलं पत्र

प्रति,
मा. नगराध्यक्ष, सर्व नगरसेवक-नगरसेविका आणि मुख्याधिकारी

विषय : पेठेचं रुंदीकरण, आठवडी बाजाराचं स्थलांतर आणि बायपासवरच्या गाळ्यांचा लिलाव

स.न.वि.वि.

मागच्या महिन्यात पेठेच्या तोंडाशी विजेच्या खांबावर तुमची नोटीस चिकटली. पेठेचा रस्ता रुंद होणार, त्यासाठी दोन्ही बाजूंच्या दुकानांचा पुढचा भाग पाडणार, आठवड्याचा बाजार बायपासजवळच्या माळावर नेणार आणि तिथे बांधलेल्या संकुलातले गाळे जाहीर लिलावाने देणार, असा तिचा आशय. हरकतींना मुदत पंधरा दिवस. मी हरकत दिली, तिची पोच माझ्याकडे आहे, उत्तर आलेलं नाही. म्हणून आता सगळ्या गावासमोर लिहिते आहे.

या पेठेत आमचं किराणा दुकान आहे. आजेसासऱ्यांनी मांडलं, सासऱ्यांनी वाढवलं, ते थकल्यापासून गादीवर मी बसते. माझं माहेर गडहिंग्लज तालुक्यातलं. महाराष्ट्र-कर्नाटक सीमेच्या अलीकडे-पलीकडे सोयरीक होते, तशीच माझी झाली. गावाचं नाव मात्र मुद्दाम लिहीत नाही. निपाणी, संकेश्वर, चिकोडी, खानापूर, अथणी, कुठल्याही बाजारगावच्या माणसाने हे वाचलं तर त्याला आपल्याच पेठेबद्दल लिहिलंय असं वाटावं.

आधी दुकानाबद्दल सांगते. ते सांगितल्याशिवाय माझी तक्रार तुम्हाला फक्त जागेपुरती वाटेल.

आजेसासऱ्यांनी दुकान सुरू केलं तेव्हा बेळगाव जिल्हा मुंबई इलाख्यात होता. त्यांच्या वह्या मोडी लिपीत आहेत. घाटाखालून मीठ, नारळ, आमसुलं, सुकी मासळी वर यायची. इथला गूळ, मिरची, तंबाखू खाली जायचा. माल बैलगाडीने, मग मालमोटारीने. १ नोव्हेंबर १९५६ ला जिल्हा म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात, गेला. त्या निर्णयावर इथल्या मराठी माणसाच्या मनात जे आहे ते आहे, २००४ पासून दावा सर्वोच्च न्यायालयात आहे, आणि त्यावर इथे मी बोलणार नाही. पण दुकानापुरतं सांगायचं तर सहा महिन्यांच्या आत राज्यही बदललं आणि पैसाही. १ एप्रिल १९५७ ला नवे पैसे आले. रुपयाचे सोळा आणे जाऊन शंभर नये पैसे झाले. एका आण्याला ६ नये पैसे, दोन आण्यांना १२, तीनला १९, चारला २५. आण्याचा हिशेब सव्वासहाचा, आणि सव्वा देण्याजोगं नाणं नाही. एका-एका आण्याच्या वस्तू चार वेळा घेतल्या तर चोवीस, एकदम घेतल्या तर पंचवीस! सासरे तेव्हा शाळेत होते. ते सांगतात, आजेसासरे गिऱ्हाइकाला स्वतःहून सांगत, आज मीठ घे, कडीपेटी उद्या ने, तुझा पैसा वाचेल.

मग वजनं बदलली. ८० तोळ्यांचा शेर म्हणजे ९३३ ग्रॅम. किलो त्याहून मोठा, म्हणून किलोचा भाव शेराहून जास्त. बाया म्हणायच्या, सरकारने वजन बदललं आणि वाण्याने भाव चढवला. आजेसासऱ्यांनी एका पारड्यात जुना शेर आणि दुसऱ्यात नवा किलो ठेवून तागडी दिवसभर दारात टांगून ठेवली. किलोचं पारडं खाली बसलेलं ज्याने त्याने स्वतः पाहावं. पुढे कितीतरी वर्षं आमच्याकडे तांदूळ किलोने आणि शाळू पायलीने असं दोन्ही चालत होतं, कारण खेड्यातली म्हातारी माणसं पायलीनेच मागायची.

१९८१ साली निपाणीला शरद जोशींच्या नेतृत्वाखाली तंबाखू उत्पादकांनी महामार्गावर ठाण मांडलं तेव्हा आमच्या दुकानातून तांदूळ, डाळ आणि मिठाची पोती तिकडे गेली. ती कुणाच्या खात्याला मांडली नाहीत. शेवटी गोळीबार झाला, माणसं गेली. ते बोलताना सासऱ्यांचा आवाज अजून भरून येतो.

नोटाबंदीच्या वेळी, नोव्हेंबर २०१६ ला, विडी वळणाऱ्या बायांच्या हातात पाचशेच्या नोटा होत्या आणि त्या कुठेच चालत नव्हत्या. तेव्हा अख्खी पेठ वहीवर चालली. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात हिरण्यकेशी, वेदगंगा, दूधगंगा पात्र सोडून बाहेर आल्या, महामार्ग बंद झाला, बाहेरून माल येईना. पेठेतल्या दुकानदारांनी आपापसांत साठा वाटून घेतला आणि भाव चढवायचा नाही असं ठरवलं. त्यात मराठी होते, लिंगायत होते, मारवाडी होते, मुसलमान होते. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा याद्या फोनवर घेऊन आम्ही फळ्या अर्ध्या उघडून माल दिला. तुमच्याच कचेरीने तेव्हा पेठेतल्या दुकानांना पास दिले होते. अत्यावश्यक सेवा म्हणून.

तीच पेठ आता अडथळा ठरली आहे.

रस्त्याची अडचण खोटी आहे असं मी म्हणत नाही. बाजाराच्या दिवशी रुग्णवाहिका पेठेतून निघत नाही, हे मी माझ्या दारातून पाहते. ट्रक भर दुपारी माल उतरवतात. गटारं तुंबतात आणि पावसाळ्यात पाणी पायरीला लागतं. काही दुकानांच्या पायऱ्या, पत्र्याची छपरं हद्दीबाहेर गेली आहेत; ती काढा, कुणी हरकत घेणार नाही, मी तर नाहीच. माझी तक्रार तुम्ही ज्या रीतीने हे करता आहात तिच्यावर आहे, आणि बाजार उठवण्यावर आहे.

पहिली तक्रार नोटिशीची. ती फक्त कन्नडमध्ये होती. मला कन्नड वाचता येतं. माझ्या मुलांना माझ्याहून चांगलं येतं. दुकानाच्या पाटीवर कायद्याप्रमाणे साठ टक्के जागा कन्नडला दिली आहे, वर कन्नड, खाली मराठी, आणि त्याबद्दल मनात काही नाही. दुकानात दिवसभर दोन्ही भाषा चालतात. "वैनी, लिवून ठेवा" म्हणणारी आणि "अक्का, बरकोळ्री" म्हणणारी अशा दोघी एकाच वेळी काउंटरला उभ्या असतात, आणि दोघींचं खातं एकाच वहीत असतं. पण पेठेत बसणाऱ्या निम्म्या भाजीवाल्या, जुने भाडेकरू, घाटावरून नाचणी आणि मध घेऊन येणारी माणसं, यांना कन्नड नोटीस वाचता येत नाही. भाषिक अल्पसंख्याक जिथे लोकसंख्येच्या १५ टक्के किंवा जास्त आहेत तिथे महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेतही द्याव्यात, असं धोरण केंद्र आणि राज्यांनी मिळूनच मान्य केलेलं आहे. राज्यघटनेच्या कलम ३५० ने आपलं गाऱ्हाणं राज्यात वापरात असलेल्या कुठल्याही भाषेत मांडायचा हक्क प्रत्येकाला दिला आहे. गाऱ्हाणं आमच्या भाषेत मांडता येतं, मग ज्यावर गाऱ्हाणं करायचं तो निर्णय आमच्या भाषेत का कळू नये? आणि ज्यांना कुठलीच भाषा वाचता येत नाही त्यांच्यासाठी रिक्षावरून पुकारा करता आला असता. पाणीपट्टी थकली की तो करताच ना तुम्ही.

दुसरी तक्रार मोजणीची. आजपर्यंत एकही कर्मचारी आमच्या दुकानात येऊन, किती फूट जाणार, मागे किती उरणार, वरच्या माडीवर कोण राहतं, दुकान मालकीचं की भाड्याचं, हे विचारून गेलेला नाही. आमच्या दुकानाला समोरून बारा फूट रुंदी आहे आणि आत ते लांबच लांब गेलं आहे, जुन्या पेठेतली सगळीच दुकानं अशी. पुढचा भाग तोडला की गादी जाते, काउंटर जातो, तागडी जाते; उरतं ते अंधारं कोठार. मागच्या भिंतीपर्यंत दुकान मागे सरकवता येत नाही, तिथे आमचं स्वयंपाकघर आहे. उतारा आमच्या नावावर आहे, घरपट्टीच्या पावत्या आहेत, सगळं दाखवायची तयारी आहे. तरी नोटिशीत सरसकट "अतिक्रमण" असं लिहिलं आहे. ज्याच्या मालकीची जागा रस्त्यासाठी घ्यायची, त्याला तुम्ही आधी अतिक्रमण करणारा ठरवता, हे मला मान्य नाही.

यासाठी २०१३ चा भूसंपादन कायदा आहे. त्यात आधी सामाजिक परिणामांचा अभ्यास, त्यावर जनसुनावणी, आणि तो अहवाल स्थानिक भाषेत प्रसिद्ध करणं, हा क्रम सांगितला आहे. शहरी भागात बाजारमूल्यावर तेवढीच दिलासा रक्कम धरायची आहे. आणि बाधित कुटुंब म्हणजे फक्त मालक असं त्यात नाही. तीन वर्षं किंवा जास्त ज्यांची रोजीरोटी त्या जागेवर चालली तो भाडेकरूसुद्धा त्यात येतो. आमच्या शेजारचे भांड्यांचे व्यापारी दोन पिढ्या भाड्याच्या दुकानात आहेत. त्यांच्याकडे उतारा नाही. तुमच्या नोटिशीप्रमाणे ते कुणीच नाहीत. छोट्या व्यापाऱ्याला द्यायच्या एकरकमी मदतीची कमीत कमी रक्कमसुद्धा या कायद्याच्या परिशिष्टात लिहिली आहे, २५ हजार रुपये. ती पुरेशी नाही, पण तीही तुमच्या नोटिशीत नाही.

तिसरी तक्रार बाजाराची, आणि इथे मला जरा सविस्तर बोलू द्या, कारण आमचं दुकान बाजारावर जगतं आणि बाजार दुकानांवर.

बाजाराच्या दिवशी आसपासच्या खेड्यांतून बाया सकाळी नऊच्या सुमारास एसटी स्टँडवर उतरतात. ११ जून २०२३ पासून शक्ती योजनेत बायकांना सरकारी बसचा प्रवास मोफत झाला, तेव्हापासून त्यांची संख्या डोळ्यांना दिसण्याइतकी वाढली आहे. पूर्वी घरातला गडी पिशवी घेऊन यायचा आणि सांगितलं तेवढंच न्यायचा. आता बाई स्वतः येते, डाळ बोटांत घेऊन बघते, दोन दुकानांत भाव विचारते, आणि सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे महिन्याचे दोन हजार जमा झाले असतील तर स्वतःच्या मनाने काही घेते. स्टँडवरून पेठ चालत पाच मिनिटांची. आधी ती भाजी बघते, मग आमच्याकडे यादी टाकते, माल बांधेपर्यंत बांगड्या भरून येते, जाताना पिशव्या उचलते आणि दुपारची बस धरते. बायपासवरच्या माळावर कुठली बस थांबते? तिथे जायला रिक्षा करावी लागेल. म्हणजे राज्य सरकारने वाचवलेलं तिकीट तुम्ही रिक्षाच्या भाड्यात वसूल करणार. डोक्यावर पाच किलो तांदूळ आणि कडेवर मूल घेऊन, उन्हाळ्यात, माळावरून चालत यायला तुम्ही या बायकांना सांगता आहात. एकदा माझ्याबरोबर उभं राहून त्यांना ते सांगून बघा.

मार्च ते मे हा तर पेठेचा खरा हंगाम. तेव्हा बेगमी होते, वर्षाचं तिखट होतं. संकेश्वरी मिरची तिखटपणाला, ब्याडगी रंगाला, हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण दोन्हींचं प्रमाण प्रत्येक घरचं वेगळं. परवाच नवीन लग्न झालेली एक मुलगी सासूची यादी घेऊन आली. यादीत नुसतं "मसाला सामान" एवढंच. मी तिला पुढ्यात बसवलं. मिरची किती किलो विचारलं, घरात तिखट कितपत खातात विचारलं, मग एकेक डबा उघडून तिच्या हातावर ठेवलं. धणे, जिरे, तीळ, खोबऱ्याच्या वाट्या, दगडफूल, नागकेशर, रामपत्री, बाद्यान, शहाजिरे. दगडफूल नाकाशी धर म्हटलं, ओलसर वास आला तर ते जुनं. चिमूटभर नागकेशर कागदावर वजन केलं, पुडी बांधली, दोरा ओढला, पुडीवर पेन्सिलीने नाव लिहिलं, म्हणजे घरी गेल्यावर कुठलं कशात मिसळायचं ते तिला कळेल. सासूच्या घरी तिची लाज राहिली पाहिजे, एवढं माझ्या मनात होतं. हे काम दहा ग्रॅम, वीस ग्रॅमचं आहे. यात नफा किती ते तुम्ही हिशेब करू शकाल. तरी हे आम्ही करतो, कारण ती मुलगी पुढची चाळीस वर्षं याच दारात येणार आहे.

भाजीवाल्या आणि फळवाल्यांसाठी तर २०१४ चा पथविक्रेता कायदा आहे. आधी सर्वेक्षण, मग प्रमाणपत्र, आणि तोवर कुणालाही उठवायचं नाही, असं त्यात स्पष्ट आहे. पिढ्यान्‌पिढ्या जिथे विकणारे आणि घेणारे जमत आले त्या नैसर्गिक बाजाराला विक्रीबंदीचं क्षेत्र ठरवता येत नाही, हेही त्यात आहे. निर्णय घेणाऱ्या समितीत किमान ४० टक्के सभासद विक्रेत्यांमधून निवडून यायला हवेत आणि त्यांत एक तृतीयांश बायका. आमच्या पेठेतल्या एकाही भाजीवालीला अशा समितीचं नाव माहीत नाही. समिती असेल तर तिची यादी लावा. नसेल तर बाजार हलवायचा ठराव कुणाच्या सल्ल्याने झाला?

चौथी तक्रार लिलावाची. गाळा सर्वांत जास्त बोली लावणाऱ्याला, आणि अनामत एकरकमी. ही रक्कम पेठेतला कोण भरणार ते तुम्हाला माहीत आहे आणि आम्हालाही. गाळे बाहेरचे घेतील. त्यात मला वाईट वाटण्यासारखं काही नाही, धंदा ज्याचा त्याचा. महामार्गावर मोठी दुकानं आली तेव्हा आम्ही तक्रार घेऊन तुमच्याकडे आलो नव्हतो. साबण आणि बिस्किटं तिथे स्वस्त मिळतात, लोक तिथून घेतात, घेऊ देत. पण ते उधारी देत नाहीत.

उधारी हा शब्द तुमच्या कागदांत कुठे येत नाही, म्हणून ती कशी चालते ते सांगते. आमच्याकडे विडी वळणाऱ्या बायका आहेत. त्यांची मजुरी हजार विड्यांमागे, आणि ती आठवड्याला हातात पडते. पान खराब निघालं, विड्या नाकारल्या गेल्या, तर तेवढी कमी. त्यांचं खातं आठवड्याचं. ऊस लावणाऱ्यांचं खातं हंगामाचं. ऊस नियंत्रण आदेश १९६६ सांगतो की ऊस तोडून दिल्यापासून चौदा दिवसांत बिल मिळालं पाहिजे, नाहीतर व्याज. एफआरपी, म्हणजे सरकारने ठरवलेला उसाचा किमान दर, चौदा दिवसांत किती जणांच्या खात्यावर पडते ते या भागात कुणाला विचारायची गरज नाही. कारखान्याने बिल थकवलं की शेतकऱ्याचा किराणा कोण थकवून घेतो? आम्ही. ते थकलेलं ओझं आम्ही ठोकवाल्याकडे नेतो, बेळगावच्या रविवार पेठेत, आणि त्याच्याकडून महिन्याची मुदत मागतो. बीडकडून आलेले ऊसतोड कामगार चार-पाच महिने इथे असतात. त्यांना ओळखणारं कुणी नसतं, मुकादम खात्री देतो तेवढ्यावर पीठ-मीठ द्यावं लागतं. या सगळ्यांना पैसा केव्हा येणार हे आम्हाला ठाऊक असतं. कुणाच्या घरी आजारपण आहे, कुणाच्या मुलीचं लग्न ठरलंय, कुणाचा ऊस अजून उभा आहे, हे वहीत लिहिलेलं नसतं, पण वही त्यावरच चालते. रोजच्या वाटेवरचं दुकान असेल तरच हे कळतं. पेठेतून उठून बायपासला गेलेल्या दुकानाला ते कळणार नाही, मग तिथे बसणारी मी असले तरी.

आणखी एक. गरीब गिऱ्हाईक सुटा माल घेतं. पावकिलो साखर, पन्नास ग्रॅम चहा, दहा रुपयांचं तेल बाटलीत. १८ जुलै २०२२ पासून २५ किलोपर्यंतच्या पाकीटबंद, लेबल लावलेल्या धान्य-डाळींवर ५ टक्के जीएसटी आला. पोत्यातून मोजून दिलेल्या सुट्या डाळीवर नाही. तो पाच टक्क्यांचा फरक ज्याला जाणवतो त्याच्यासाठी सुटं विकणारं दुकान पायी जाता येईल इतकं जवळ असावं लागतं. संकुलातल्या चकचकीत गाळ्यात पोत्याचं तोंड दुमडून कोण बसेल?

रस्त्यावर उपाय काय, असं तुम्ही विचाराल. पेठेतले आम्ही सगळे बसलो होतो. मालाचे ट्रक सकाळी नऊच्या आत आणि रात्री आठनंतरच आत घ्यावेत, याला सगळे दुकानदार तयार आहेत, हमालांशीही बोलणं झालं आहे. बाजाराच्या दिवशी पेठेत चारचाकी बंद ठेवा. दुचाक्यांना जुन्या दवाखान्यामागची नगरपालिकेचीच मोकळी जागा द्या. मारुतीच्या देवळाजवळचं वळण आणि स्टँडकडचं तोंड, या दोन ठिकाणी रस्ता खरंच आवळला आहे. तिथे जेवढी जागा लागेल तेवढी कायद्याने मोबदला देऊन घ्या, तिथल्या दुकानदारांनी मोजणीला कधीच ना म्हटलेलं नाही. गटारं आधी झाका, म्हणजे दोन्ही बाजूंना चालायला जागा आपोआप मिळते. सगळी पेठ दोन्ही बाजूंनी पाडण्यापेक्षा यात खर्चही कमी आहे, आणि हे पुढच्या पावसाळ्याआधी होण्यासारखं आहे.

तेव्हा मागण्या स्पष्ट लिहिते.

सध्याची नोटीस मागे घ्या आणि नवीन नोटीस कन्नड आणि मराठी दोन्ही भाषांत काढा, नकाशासह, कुठल्या दुकानाची किती जागा जाणार ते आकड्यांत दाखवून. तोवर कुठलंही बांधकाम पाडू नका. घरोघर, दुकानोदुकान मोजणी करा आणि मोजणीचा उतारा त्याच दिवशी मालकाच्या आणि भाडेकरूच्या हातात द्या. मालकीच्या जागेला "अतिक्रमण" म्हणणं थांबवा.

पथविक्रेत्यांचं सर्वेक्षण पूर्ण होऊन प्रमाणपत्रं मिळेपर्यंत आठवड्याचा बाजार आहे तिथेच भरू द्या. बाजाराबद्दल जो काही निर्णय होईल तो विक्रेत्या बायका बसलेल्या समितीत होऊ द्या.

संकुलातले गाळे लिलावात काढायचेच असतील तर ज्यांची जागा रस्त्यात जाईल त्यांना आधी, जुन्या जागेच्या प्रमाणात, परवडेल अशा अनामतीवर आणि हप्त्याने द्या. ज्यांना पेठेतच मागे सरकून बसायचं आहे त्यांना बांधकामाचा परवाना फेऱ्या न मारता मिळावा.

जनसुनावणी पेठेत घ्या. बाजाराचा दिवस सोडून, संध्याकाळी सातनंतर, म्हणजे दुकानदार, हमाल आणि विडी कामगार बायका सगळे येऊ शकतील. भर दुपारी कचेरीत बोलावलंत तर कुणाला रोज बुडवावा लागेल ते लक्षात घ्या. सुनावणीआधी तुमच्यापैकी दोघा-चौघांनी एका बाजाराच्या दिवशी सकाळी नऊ ते दुपारी दोन आमच्या दुकानात येऊन बसावं, अशी माझी मनापासून विनंती आहे. खुर्च्या आहेत. आल्या-गेल्यांशी तुम्हीच बोला.

या पत्राची प्रत जिल्हाधिकाऱ्यांना आणि भाषिक अल्पसंख्याकांच्या आयुक्तांना पाठवते आहे. पुढच्या सर्वसाधारण सभेत हा विषय केव्हा येणार, ती तारीख आठ दिवस आधी पेठेत लावा. आम्ही उतारे आणि पावत्या घेऊन येऊ. माझ्या हरकतीचं उत्तर तुम्ही मला कन्नडमध्ये दिलंत तरी चालेल, फक्त ते लेखी द्या. पेठेत लावाल ते मात्र दोन्ही भाषांत.

आपली,
पेठेतील एका किराणा दुकानाची चालक